हा शिवतो का?

परवा सकाळी रामकुंडावर एका पिंडाला कावळा शिवला नाही, आणि त्याचा ठपका माझ्यावर आला. गेलेले गृहस्थ माझ्या नात्यातले नव्हते, ओळखीतलेही नव्हते. माझ्या गळ्यात कॅमेरा होता, बस्स.

मी लग्नांचे फोटो काढतो. नाशकात हा धंदा बरा चालतो, कारण इथे द्राक्षमळे आहेत, धरणं आहेत, डोंगर आहेत आणि प्रत्येक जोडप्याला या तिन्ही ठिकाणी एकमेकांकडे धावत यायचं असतं. सगळ्यांना फोटो 'कॅन्डिड' हवे असतात आणि मग विचारतात, "दादा, कॅन्डिड हसू का आता?" गेल्या सीझनला तर व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की जांभईच यायची. शेवटी एका मित्राने ढकलूनच मला नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी-फोटोग्राफीच्या कार्यशाळेला पाठवलं. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, मागे साचलेला गाळ, आणि त्या गाळावर पोसलेले देशोदेशीचे पक्षी. २०२० मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. निफाडातली लग्नं उरकून मी त्याच रस्त्याने डुलक्या घेत घरी यायचो. त्या पहाटे मात्र एक भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, पाण्यावर खाली झेपावला आणि वारकऱ्यांचा अख्खा थवा पाणी तुडवत पळत सुटला. पंढरीचे नाहीत, पक्षी वारकरी. काळे, कपाळावर पांढरा टिळा. एक छेद दोन हजार सेकंदाच्या शटरवर त्यांच्या पायाखालचा एकेक थेंब सुटा आला. जांभई गेली.

त्याच तारेत मी बनारसची फोटो-टूरही करून आलो. तिथले सर म्हणाले, "घाट कळायचा तर रोज त्याच पायरीवर येऊन बसावं लागतं. कुठले तुम्ही?" नाशिकचा म्हटल्यावर म्हणाले, "मग इथे कशाला आलात?" हे त्यांनी सगळी फी घेऊन झाल्यावर विचारलं.

असो. म्हणून हल्ली मी सकाळी सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर असतो. परवा दुतोंड्या मारुतीच्या अलीकडे एका पायरीवर बसून समोरच्या लोखंडी कठड्यावरच्या खंड्यावर लेन्स लावली होती. पाठीमागे कुणाचा तरी दहावा चालू होता. शहाण्याने तिकडे बघू नये, मी बघत नव्हतो.

एवढ्यात काका आले. कानटोपी, स्वेटर, घोट्याच्या वर दुमडलेला पायजमा. प्रत्येक दहाव्याला एक असा माणूस असतोच, ज्याला दुःखाला वेळ नसतो. तो गुरुजींशी हिशेब बोलतो, चपला राखायला पोरगं बसवतो आणि चहा किती जणांना हे मोजतो.

"किती मेगापिक्सेलचा आहे रे?"

"२४."

"२४?" त्यांनी मागे वळून हाक मारली. "ए बंटी, तुझ्या फोनचा किती रे?"

नुकतंच मुंडण झालेला बंटी गुडघाभर पाण्यातून ओरडला, "२००!"

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दहाव्याला आलेला माणूस माझं सांत्वन करत होता.

इथे मी गप्प बसायला हवं होतं, पण कार्यशाळेचं शिक्षण ताजं होतं. म्हटलं, "काका, मेगापिक्सेलवर काही नसतं. आतला सेन्सर केवढा ते बघायचं. याचा ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे. फोनचा नखाएवढा असतो."

"म्हणजे नखाएवढ्या जागेत त्यांनी दोनशे बसवले, आणि तुझ्या एवढ्या वाड्यात चोवीसच बिऱ्हाडं?"

यावर उत्तर आहे. प्रकाश, पिक्सेलचा आकार, नॉइज, सगळं आहे. पण कानटोपीवाल्या माणसापुढे ते टिकत नाही.

तिकडे पिंड मांडून बराच वेळ झाला होता. पत्र्यावर कावळे रांगेने बसले होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. मग रीतीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. "अण्णा, धाकट्याचं लग्न आम्ही लावून देऊ." कावळे ढिम्म. "अण्णा, आईला वेगळं ठेवणार नाही." ढिम्म. "अण्णा, गंगापूर रोडचा प्लॉट विकणार नाही." एका कावळ्याने मान वाकडी केली, त्याच वेळी थोरल्याला जोराचा खोकला आला. कावळा पुन्हा सरळ बसला.

काकांनी परिस्थितीचा अभ्यास केला आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"अण्णांना फोटो काढलेला आवडत नसे," ते म्हणाले. "आधार कार्डाच्या वेळीसुद्धा भांडून आले होते. ही तोफ आत टाक बरं."

"काका, मी खंड्याचा फोटो काढतोय. तुमच्याकडे पाठ आहे माझी."

"कावळ्याला काय कळतंय पाठ आणि पोट?"

"मला पण कावळ्यांचं थोडंफार कळतं. पक्ष्यांचेच फोटो काढतो मी, कार्यशाळा केलीय त्याची."

हे बोललो आणि अडकलो. "पक्ष्यांचा माणूस? मग बोलव की!" सगळा गोतावळा माझ्याकडे बघायला लागला. "कार्यशाळा का काय केलीस म्हणतोस. कावळा बोलवायचा कसा, ते शिकवलं नाही? फी किती घेतली?"

मी आकडा सांगितला. काका क्षणभर आकाशाकडे बघत राहिले. "एवढ्यात अण्णांचं तेरावं झालं असतं. गोडाधोडाचं."

आता खरी गोष्ट सांगतो, म्हणजे माझा राग कुणावर आहे ते कळेल. तिथून दहा पावलांवर तीन पोरं कबुतरांना दाणे फेकत होती. एक मुलगी त्या थव्यातून ओढणी उडवत धावायची, एक जण मोबाईल घेऊन तिच्यापुढे उलटा पळायचा, आणि दर वेळी अख्खा घाट फडफडायचा. कावळे बिचकणार नाहीत तर काय करतील? पण त्या पोरांना कुणी चकार शब्द बोललं नाही. मोबाईल असला की तुम्ही घरचे. कॅमेरा बाहेर काढला की वॉचमन विचारतो, परवानगी आहे का. बागेत विचारतात, शूटिंगचे चार्जेस भरले का. आणि नातेवाईक विचारतात, आमच्या पिंकीचं बारसं आहे, येशीलच ना, येताना कॅमेराही आण. म्हणजे फुकट.

दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. सिनेमाच्या आधी ते गुजरातेत फोटो स्टुडिओ चालवत. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, अशी आवई उठली आणि त्यांचं गिऱ्हाईक तुटलं, असं सांगतात. शंभराहून जास्त वर्षं लोटली. आता कॅमेरा शक्ती ओढत नाही, फक्त कावळा अडवतो. आणि तोही २४ मेगापिक्सेलचाच. २०० वाल्याचं कावळ्याला काही नाही.

मी कॅमेरा बॅगेत टाकला, चेन लावली, वरून रेनकव्हरही चढवलं. कावळा आला नाही. खंड्या मात्र लगेच पाण्यात सूर मारून मासा घेऊन वर आला. चोचीत मासा तडफडतोय, खाली पाणी निथळतंय, मागून कोवळं ऊन. नांदूरला याच्यासाठी आम्ही चिखलात पालथे पडलो होतो.

"बघ," काका म्हणाले, "तू सकाळीच उडवून लावलेस, आता कशाला येतात ते!"

शेवटी गुरुजींनी तिढा सोडवला. दर्भाची काडी घेतली, ओल्या बोटांनी दोन पेड दिले, गाठ मारली, पुढचं टोक चोचीसारखं वळवलं आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला. गाठ मारताना त्यांच्या करंगळीवरून पाण्याचा एकच थेंब ओघळला. मंडळी सुटल्यासारखी उठली. थोरल्याचा खोकला थांबला.

काका माझ्याकडे आले. "आता काढ कॅमेरा. याचा घे फोटो. हा हलत नाही."

खोटं कशाला बोलू, काढला. एफ २.८ वर, खाली वाकून. चोच शार्प, मागे घाट विरघळलेला. या सीझनमधली माझी सगळ्यात चांगली फ्रेम आहे ती, आणि पक्ष्यांच्या कुठल्याही स्पर्धेत ती पाठवता येणार नाही.

काकांनी नंबर घेतला. पैशाचा विषय निघाला नाही, तो निघतच नसतो. मी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान. पण मोठा केला की फुटतो. बंटीचा फुटत नाही." व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवतं, हे मी चार ओळींत समजावलं. त्यावर हात जोडलेले आले आणि पाठोपाठ गुलाबाच्या फुलावरचं शुभ प्रभात, रात्री साडेनऊला.

मग मात्र मला राहवलं नाही. नांदूरच्या त्या भोवत्याचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, पूर्ण साइझचा, एक पिक्सेलही दाबला जाणार नाही असा. म्हटलं, आता बघू बंटी काय करतो ते. दोन निळ्या टिकल्या झाल्या. काका बराच वेळ टाइप करत होते. मग मेसेज आला:

"हा शिवतो का?"