लिंबू-मिरची खुशाल बांधा, पण सापाची गोष्ट खरी मानू नका

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सअॅपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो: ‘गाडीला लिंबू-मिरची का बांधतात? अंधश्रद्धा नव्हे, विज्ञान!’ आम्ही दोघं जुनी व्हॅन झोपण्या-रांधण्याजोगी करून घेऊन काही वर्षं कोकणात आणि घाटमाथ्यावर फिरतो. आमच्यासारखी गाडीतच मुक्काम करणारी माणसं हा मेसेज एकमेकांना काळजीपोटी पाठवतात. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

मेसेजचं म्हणणं असं. पूर्वी लोक पायी किंवा बैलगाडीनं जंगलातून जात आणि लिंबू-मिरची सोबत ठेवत. साप चावला की मिरची चावायला देत. तिखट लागली तर साप बिनविषारी, नाही लागली तर विषारी. माळेचा सुती दोरा लिंबू-मिरचीतलं ‘क’ जीवनसत्त्व शोषून हवेत सोडतो, त्यानं किडे लांब राहतात. चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत बैलाच्या खुरांच्या जखमा लिंबानं धुवायच्या रिवाजातून आली. आणि हे सगळं ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी घालून दिलं.

हजारो वर्षांचं आधी पाहू. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडचं तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. तेव्हा मिरचीचा हा नियम कुठल्याही प्राचीन ऋषीच्या नावावर खपवता येत नाही.

आता दोरा. ‘क’ जीवनसत्त्व हवेत उडतच नाही. ताटलीत लिंबाचा रस ओतून उन्हात ठेवा. पाणी उडून जातं आणि तळाला चिकट, आंबट थर उरतो. मिरचीचंही तेच. फोडणीत करपली की घरभर ठसका लागतो, पण टोपलीत पडलेल्या मिरचीनं कुणी खोकत नाही. लिंबाच्या सालीतल्या तेलाला वास असतो हे खरं, पण धावत्या ट्रकच्या बंपरवर बांधलेल्या सुकत चाललेल्या लिंबाचा वास कुठल्या किड्याला अडवणार? शिवाय कित्येक गाड्यांत आता प्लॅस्टिकचं लिंबू लटकत असतं. आपल्याकडच्या माळेत बिब्बाही ओवतात, त्याबद्दल तर मेसेजमध्ये अक्षर नाही.

खुरांच्या गोष्टीत फार वेळ घालवत नाही. बोट कापलेलं असताना लिंबू पिळलं की काय आग होते हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे; अशा रसानं जखम धुवायला बैल पाय धरू देईल का? २०१९ च्या दसऱ्याला फ्रान्समध्ये पहिल्या राफेल विमानाच्या चाकांखाली लिंबं ठेवली गेली, तेव्हाही हेच स्पष्टीकरण पुन्हा ऐकू आलं. नव्या गाडीपुढे नारळ फोडतात, कोहळा कापतात, चाकाखाली लिंबू चिरडतात. हे दृष्ट काढणं आहे, बळीच्या ऐवजी फळ देणं आहे. तसं सरळ सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही.

माझ्या सासूबाई तसं सरळ सांगतात. आम्ही निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वतः माळ ओवतात. “अक्काबाईला आंबट-तिखट आवडतं गं, दारातच खाते आणि परत जाते,” एवढंच त्यांचं म्हणणं. अक्काबाई म्हणजे अलक्ष्मी. अक्काबाईचा फेरा चुकावा म्हणून बांधलेल्या त्या माळेशी माझं भांडण नाही. जुन्या रस्त्यानं बोरघाट चढताना शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी हळू करून नाणं टाकणाऱ्या ड्रायव्हरशीही नाही. त्या नाण्यात औषध आहे असं तो कुणाला सांगत नाही.

माझा जीव खालीवर होतो तो सापाच्या मुद्द्यावर. रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, रात्री पाण्याचा कॅन काढायला मी गाडीमागे गेले, तेव्हा मागच्या चाकापाशी करवतीनं लाकूड घासल्यासारखा आवाज आला. बॅटरी मारली तर जांभ्याच्या रंगात मिसळून गेलेलं, जेमतेम दीड वितीचं फुरसं वेटोळी एकमेकांवर घासत बसलेलं. मी दोन पावलं मागे सरले आणि ते निघून गेलं. त्या रात्री ते चावलं असतं आणि कुणी माझ्या तोंडात मिरची कोंबली असती, तर ती मला झणझणीत तिखटच लागली असती.

कारण फुरसं आणि घोणस यांचं विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर घाला घालतं. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. तिखट कळणं त्यानं बंद होत नाही. नाग आणि मण्यार यांचं विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. पापण्या मिटू लागतात, बोलणं जड होतं, गिळता येईनासं होतं, शेवटी श्वास थांबतो. पण हे स्नायूंचं लुळेपण आहे, जाणीव जाणं नव्हे. म्हणजे चारही सापांच्या दंशात मिरची तिखट लागणार, आणि मेसेज म्हणणार, साप बिनविषारी, झोपा निवांत. मण्यार बहुतेकदा रात्री झोपेत चावतो, दुखत जवळपास नाही, खूण धड दिसत नाही, लक्षणं काही तासांनी सुरू होतात. तेवढे तास ही मिरची खाऊन टाकते. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर तो गुदमरूही शकतो.

विषाची खरी परीक्षा दवाखान्यात होते. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकं करून बघतात. गोठलं नसेल तर घोणस-फुरशासारख्या सापाचं विष अंगात भिनलंय. या चारही सापांवर चालणारं प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळतं. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. दंशानंतर उपचार घेण्यापासून रोखून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. मिरचीचा मेसेज पाठवणारा गुन्हेगार नाही, पण उशीर त्यानंही तेवढाच होतो.

साप चावला तर माणसाला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी लगेच काढा, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. कापू नका, चोखू नका, दोरी करकचून आवळू नका, सापामागे धावू नका. १०८ ला फोन लावा किंवा थेट रुग्णालय गाठा.

सासूबाईंची माळ आमच्या व्हॅनच्या दारावर आहे. दाराच्या आतल्या बाजूला दोन फळ्या, सुती पट्ट्या आणि मुक्कामाच्या वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयांची यादी अडकवली आहे. ती यादी निघायच्या आधी सासूबाईच मला मोठ्यानं वाचायला लावतात.