प्रवासात विघ्न येण्याआधी वाचा

सुट्टीला निघताना माणूस कपडे, औषधे, चार्जर सगळे आठवणीने भरतो. विघ्न आलेच तर ते कुणाच्या नावावर टाकायचे, एवढेच ठरवायचे राहून जाते. मग विमान सहा तास लांबते, बॅग भलत्याच खंडात उतरते आणि ऐनवेळी धांदल उडते. कुणीतरी पटकन म्हणून जातो, "होते असे, यात अर्थबिर्थ काही नाही," आणि तिथेच सगळ्यांच्या सुट्टीचा विचका होतो. अर्थ नसलेले संकट सोसवत नाही हो. म्हणून घरातून निघण्यापूर्वीच जमाखर्चाची वही आखून घ्या.

वही सोपी आहे. सुखरूप पोहोचलात तर कृपा, उशिरा पोहोचलात तर वैमानिक. पाऊस पडला नाही तर पुण्याई, पडला तर वेधशाळा. जमेच्या बाजूला कधीही माणसाचे नाव लिहायचे नाही, खर्चाच्या बाजूला कधीही देवाचे लिहायचे नाही. ही शिस्त पाळणाऱ्याची श्रद्धा आजवर कुठल्याही विमानतळावर हरवलेली नाही. बॅगांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

आता विमानात बसलात. ढगांत विमान हादरायला लागले की डोळे मिटून प्रार्थना सुरू करा. हादरे थांबतील, ते थांबतातच. वैमानिकाने नियंत्रण कक्षाची परवानगी काढून उंची बदलली असेल, किंवा हवेचा तो पट्टाच मागे पडला असेल, तर त्याची वाच्यता करू नका; डोळे मिटलेले होते, तुम्हाला कसे दिसणार? आणि थांबले नाहीत, तर प्रार्थना अजून पूर्ण झालेली नाही. या उपायाचे सौंदर्य हेच की तो फसूच शकत नाही.

इथे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांचे स्मरण करावे. १९४८ साली त्यांनी भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळाने दाणे देण्याची व्यवस्था केली. कबुतराने काही करो वा न करो, दाणे येणारच. दाणे आले तेव्हा जे कबुतर योगायोगाने गिरकी घेत होते ते गिरक्या घेत राहिले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान खुपसत राहिले. आठांपैकी सहा कबुतरांनी आपापला विधी बसवला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, हे आपल्याकडे कावळ्याच्या बाजूने कधी कुणी सांगितले नव्हते; स्किनर यांनी ते कबुतराच्या बाजूने सांगितले. माणूस अर्थातच कबुतरापेक्षा वरचा प्राणी आहे. तो आपल्या गिरकीमागचे शास्त्रही सांगतो.

आकड्यांची काळजी घ्या. तेरावी रांग टाळा. लुफ्तान्झासारख्या कंपनीच्या विमानांत ती नसतेच, सतरावीही नसते, कारण इटली आणि ब्राझीलमध्ये सतरा अशुभ मानतात. बारा झाले की थेट चौदा. चौदाव्या रांगेतला माणूस मोजायला गेला तर तेराव्याच रांगेत बसलेला असतो, पण संकटाला मोजता येत नाही, ते फक्त पाट्या वाचते.

कुणी वाद घातलाच, तर चंद्राकडे निघालेल्या अमेरिकी अपोलो १३ चा विषय काढा. हे यान ह्यूस्टनच्या घड्याळात दुपारी १३ वाजून १३ मिनिटांनी सुटले आणि १३ एप्रिल १९७० रोजी त्यातली प्राणवायूची टाकी फुटली. आणखी काय पुरावा हवा? चौकशीचा अहवाल कृपया वाचू नका. त्यात भलतेच रटाळ निघते. टाकीतल्या हीटरच्या तापनियंत्रकाचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवले होते. उड्डाणतळावर वीज दिली ६५ व्होल्टची. टाकी रिकामी होईना म्हणून हीटर तासन्‌तास चालू ठेवला, स्विच चिकटून बसले, आत तारांवरचे वेष्टण जळाले. बाहेरच्या तापमापकाचा आकडाच ८० अंश फॅरनहाइटच्या वर जात नव्हता, म्हणजे सुमारे २७ सेल्सिअस, त्यामुळे बघणाऱ्याला सगळे आलबेल दिसले. आता सांगा, हा अहवाल वाचून सुट्टीत कुणाचे मन रमेल? तेराचा आकडा कसा, एका दमात सांगून होतो.

तिन्ही अंतराळवीर जिवंत परतले, हे मात्र जमेच्या बाजूला, कृपा म्हणून. जमिनीवर बसून रात्रंदिवस आकडेमोड करणाऱ्या अभियंत्यांना वहीत रकानाच नाही. आणि २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या सरावात तीन अंतराळवीरांसह जळालेल्या यानाला पुढे अपोलो १ हे नाव मिळाले, हा विषय सहलीत काढू नये. एकाच्या आकड्याला अशुभ ठरवले तर यादी सुरू कुठून करायची?

बोटीवर मळमळले तर मंतरलेला दोरा किंवा मनगटाचा पट्टा घ्या. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो हलतोय, समोरची खोली डोळ्यांना स्थिर दिसते, या भांडणातून मळमळ होते. डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघितले तर बऱ्याच जणांना आराम पडतो. पण हा उपाय फुकट आहे, आणि फुकटच्या गोष्टीवर श्रद्धा बसायला वेळ लागतो.

घरी राहिलेल्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर जरूर करू द्या, फक्त तुम्हाला कळवू नका म्हणावे. २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. हृदयाची बायपास झालेले १,८०२ रुग्ण. ज्यांना कल्पना नव्हती, त्यांच्यात प्रार्थना केली काय न केली काय, गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण जवळपास सारखे निघाले: ५२ आणि ५१ टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्के ठाऊक होते त्यांच्यात ते ५९ टक्के. आता यावरून प्रार्थना घातक आहे असे मी म्हणणार नाही. बिचाऱ्यांना वाटले असेल, आपली तब्येत इतकी वाईट आहे की काय! पण विमानात बसता बसता "सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतोय" असा निरोप आला तर मीही आधी इंजिनाकडे बघेन.

इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन तर १८७२ सालीच हिशेब मांडून बसला होता. राजेरजवाड्यांच्या दीर्घायुष्यासाठी इतके लोक जाहीर प्रार्थना करतात, पण सुखवस्तू वर्गांत तेच सर्वांत कमी जगतात, असे त्याने दाखवले. विमा कंपन्याही भाविकांना हप्त्यात सूट देत नाहीत, याकडेही त्याने लक्ष वेधले. आजचा प्रवासविम्याचा अर्ज भरून बघा. वय विचारतील, रक्तदाब विचारतील. ताईत कोणता घालता, हे विचारणार नाहीत. इतकी उघड नफ्याची संधी ही मंडळी का सोडतात, देव जाणे.

विज्ञानाचे भक्त फार शेफारू नयेत म्हणून त्यांना गियोम ल जांतीची गोष्ट सांगा. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना मोजमाप करायचे, म्हणून हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७६० मध्ये पाँडिचेरीला निघाला. तोवर इंग्रजांनी गावच जिंकले. ६ जून १७६१ ला तो समुद्रात, डुलत्या जहाजावर. शुक्र दिसला, पण मोजणार कसा? पुढचे अधिक्रमण आठ वर्षांनी. गडी परत गेलाच नाही. मनिलाला जाऊन आला, शेवटी पाँडिचेरीत वेधशाळा उभारून बसला. १७६९ च्या जूनमध्ये नेमक्या त्या सकाळी ढग आले. अधिक्रमण संपल्यावर ऊन पडले. मनिलात म्हणे आकाश निरभ्र होते! १७७१ मध्ये घरी पोहोचला तर वारसांनी त्याला मेलेला ठरवले होते आणि फ्रान्सच्या विज्ञान अकादमीतली जागाही गेली होती.

यात केवढा संकेत दडलेला आहे, बघा. पण ज्योतिषांना कुणी विचारलेच नाही. त्याच वेळी इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची माणसे पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर मोजत होती, आणखी कितीतरी जण जगभर ठिकठिकाणी दुर्बिणी लावून होते. त्या सगळ्यांच्या आकड्यांवरून सूर्याचे अंतर आजच्या आकड्याच्या बऱ्याच जवळ काढता आले. एका माणसाची अकरा वर्षे वाया गेली आणि ज्ञानाचे काही अडले नाही. असल्या निर्दय गोष्टीला सहलीला बरोबर न्यायचे का, याचा विचार तुम्हीच करा.

एक संशयात्मा मात्र गटात असू द्या. माझा अनुभव असा की अशा माणसाला मोठी मागणी असते. हॉटेलात खोल्या मिळाल्या नाहीत, गाडी बंद पडली, कुणाला ताप आला, की लगेच सगळ्यांना आठवते: सकाळी हा गालातल्या गालात हसला होता. पायगुणच खराब. वहीतला खर्चाचा रकाना आयता भरून मिळतो आणि कंपनीला तक्रार लिहायचे कष्ट वाचतात. विम्याचे कागदही बहुधा त्याच्याच पिशवीत सापडतात.

फक्त त्याच्या हाती नकाशा देऊ नका. रस्ता चुकलात तर तो ग्रहांचे नाव घेणार नाही. मागच्या चौकात डावीकडे वळायचे होते आणि तेव्हा तुम्ही फोटो काढत होता, हे तो सर्वांसमोर सांगेल.