फ्लॉप गाडी म्हणजे भंगार गाडी? त्या फॉरवर्डला एकदाचं उत्तर

“फ्लॉप गाड्यांचं काळं सत्य” अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या फॅमिली ग्रुपवर फिरायलाय. कुणी लिहिला पत्ता नाही, खाली फक्त “जास्तीत जास्त शेअर करा”. इतके दिवस मी गप्प होतो, असले मेसेज येतात आणि जातात. पण आता आमच्या दाजींनी तो वाचून चांगली चालू असलेली टाटाची 2017 ची डिझेल झेस्ट विकायला काढलीय आणि तिच्या जागी तिच्याहून जुनी मारुतीची सेकंड हँड डिझायर घ्यायला निघालेत, तेही बेस मॉडेल, ज्यात एअरबॅग नाही. का तर “ती जास्त खपते”. म्हणून लिहायलोय.

मेसेजमध्ये काय म्हणलंय ते थोडक्यात. कंपन्या मुद्दाम खराब मॉडेल काढतात म्हणजे लोक वैतागून महागडं घेतात. नॅनो परदेशी कंपन्यांनी कट करून संपवली. जी गाडी चालली नाही तिच्या इंजिनातच खोट असते, विकून मोकळे व्हा. रस्त्यावर जी सगळ्यात जास्त दिसते तीच सुरक्षित, क्रॅश टेस्ट हे पैसे देऊन केलेलं नाटक, एअरबॅगने माणसं मरतात, पत्रा जाड बघा, सीटबेल्ट फक्त पोलिसांसाठी (आणि इथे बेल्टचा टूं-टूं आवाज बंद करायच्या क्लिपची लिंक, जी आमच्या भाच्याने मित्राच्या गाडीसाठी मागवली पण). आणि शेवटी, मॉडेल बंद झालं की पार्ट बंद आणि रिसेलही कमी.

मुद्दाम खराब मॉडेल काढण्याचं लवकर उरकतो. एक नवीन गाडी कागदावरून शोरूमला यायला काही वर्षं आणि शेकडो कोटी जातात, ते मुद्दाम पाण्यात घालणारा मालक मला दाखवा. फोर्डने 1957 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एडसेल आणली, प्रचंड गाजावाजा केला, दोन वर्षं कशीबशी ओढली आणि 1959 च्या नोव्हेंबरात बंद केली. तोटा साधारण 25 कोटी डॉलर, तोही त्या काळचा. गाडी आली त्याच सुमारास तिकडे मंदी आली, किमतीत ती फोर्डच्याच दुसऱ्या गाड्यांच्या मधे अडकली, आणि पुढच्या जाळीची लोकांनी टिंगल केली ती वेगळीच. यात कट कुठाय? अंदाज चुकला. मर्सिडीजसारख्या कंपनीची ए-क्लास 1997 मध्ये स्वीडनच्या एका मासिकाच्या टेस्टमध्ये, समोर अचानक प्राणी आला तर गाडी कशी वळते ते बघताना उलटली. जगभर नाचक्की झाली. मग कंपनीने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या आणि ईएसपी म्हणजे गाडी घसरू न देणारी सिस्टिम सगळ्या ए-क्लासला स्टँडर्ड दिली.

कंपन्या खोटं बोलतात हे मात्र मान्य करावं लागतं. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांच्या धुराच्या टेस्टमध्ये सॉफ्टवेअर घालून फसवलं, 2015 मध्ये उघडं पडलं, जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या. पण जरा विचार करा, त्या गाड्या फ्लॉप नव्हत्या, धडाक्यात खपत होत्या. मग जास्त खपते म्हणजे चांगली, या तुमच्याच सिद्धांताचं काय झालं?

नॅनोचं ऐकून तर हसावं का रडावं कळत नाही, कारण ही आपल्यासमोर घडलेली गोष्ट आहे. जानेवारी 2008 ला दिल्लीत गाडी दाखवली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आंदोलनामुळे टाटांना बंगालमधलं सिंगूर सोडून गुजरातमधल्या साणंदला जावं लागलं. राजकारणाने घात केला एवढं अर्धसत्य मी देतो, कारण 2009 ला बुकिंग दोन लाखांच्या वर गेलं आणि साणंदचा कारखाना सुरू व्हायला 2010 चा जून उजाडला. पण पुढचं काय? काही गाड्यांना आगी लागल्या, त्याचे व्हिडिओ टीव्हीवर दिवसभर, आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये अख्ख्या देशात विकल्या गेलेल्या नॅनो किती, तर 509. वर्षाला अडीच लाख गाड्या काढायच्या तयारीने उभा केलेला कारखाना तो! डिकी बाहेरून उघडत नव्हती, ती सोय 2015 ला आली. आणि सगळ्यात मोठी चूक खुद्द रतन टाटांनी नंतर बोलून दाखवली, की “सगळ्यात स्वस्त गाडी” म्हणून ती विकायला नको होती. आपल्याकडे माणूस आयुष्यात पहिली गाडी काढतो ती दारात उभी करून पेढे वाटायला. त्याला “स्वस्तातली घेतली” हे ऐकायचं नसतं. हे कुठल्या जपानी कंपनीने येऊन कानात सांगायला लागत नाही.

आता इंजिनाचा मुद्दा, जो दाजींना सगळ्यात जास्त पटला. दाजी, हे खास तुमच्यासाठी. तुमच्या झेस्टमधलं 1248 सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं मल्टिजेट. ज्या जुन्या डिझायरसाठी तुम्ही जीव टाकायलाव तिच्यात कुठलं आहे? तेच. 1248 सीसी, फियाटचंच मल्टिजेट. टाटांनी त्याला क्वाड्राजेट म्हणलं, मारुतीने डीडीआयएस. टाटांना ते आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातनं मिळायचं, मारुतीचं हरियाणातल्या मानेसरला बनायचं. ट्यूनिंग थोडं वेगळं, जात एकच. म्हणजे एकच इंजिन, एका गाडीत हिट आणि दुसऱ्या गाडीत फ्लॉप. आता सांगा खोट कशात होती?

झेस्ट का पडली त्याला कारणं आहेत की. बाजूने बघितली की लोकांना जुनी इंडिका-इंडिगोच वाटायची, आणि इंडिगो म्हणजे टॅक्सी. गाडी आली ऑगस्ट 2014 ला आणि ऑक्टोबर 2014 ला सरकारने डिझेलचे भाव बाजारावर सोडले, पेट्रोल-डिझेलमधलं अंतर तर आधीपासूनच कमी होत आलेलं, त्यामुळे छोट्या डिझेल गाडीचा हिशोबच बसेना झाला. गाडी डिझाइन करणाऱ्याने हे काही वर्षं आधी कसं ओळखायचं?

असं बाकीच्यांचंही झालंय. 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साइज (म्हणजे कारखान्यातच लागणारा टॅक्स) 24 टक्क्यांवरून 16 वर आणली, पुढच्या वर्षी आलेली महिंद्रा-रेनॉची लोगन सव्वाचार मीटर लांब, म्हणजे टॅक्सने तिथंच मारली. पुढे तीच व्हेरिटो झाली आणि टॅक्सीवाल्यांनी ती मनापासून पळवली. मारुतीने 2011 ला किझाशी आणली, भारी गाडी, पण पूर्ण इम्पोर्टेड, 2.4 लिटर पेट्रोल, किंमत 16-17 लाख, आणि शेजारी उभी अल्टो. त्या शोरूममध्ये तेवढे पैसे मोजायला कोण जाणार?

सगळ्यात मजेशीर व्हर्साची. 2001 ला आली, अमिताभ आणि अभिषेक दोघं जाहिरातीत, दोन एसी, तरी आपटली, कारण दिसायला ओम्नीची थोरली बहीण आणि किंमत कारची. मारुतीने काय केलं, 2010 ला तोच सांगाडा घेतला, दोन एसीची चैन काढली, नवीन 1.2 चं इंजिन टाकलं, तीन लाखांच्या आत भाव ठेवला आणि नाव दिलं इको. आज वडापला इको, शाळेच्या पोरांना इको, दुधाला इको. सांगाडा तोच! नापास झालेलं पोर दुसऱ्या शाळेत घातल्यावर पहिलं यावं तसं झालं ते. मेसेजवाल्याच्या हिशोबाने हे इको चालवणारे सगळे फ्लॉप गाडीत बसलेत.

इथवर चेष्टा ठीक होती. पण चौथा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण तो माणूस मारणारा आहे.

“जास्त खपते तीच सुरक्षित.” जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, भारतातल्या पाच गाड्यांची टेस्ट जाहीर केली. अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि पोलो, सगळ्या एअरबॅग नसलेल्या बेस मॉडेलच्या, वेग ताशी 64 किलोमीटर. तेव्हा या पाच मिळून देशातल्या नव्या गाड्यांच्या विक्रीचा साधारण पाचवा हिस्सा होत्या आणि अल्टो तर देशात एक नंबरला. निकाल? पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी शून्य स्टार. सगळ्यात जास्त खपणारीला शून्य आणि नॅनोलाही शून्यच. खपण्याचा आणि जीव वाचण्याचा काही संबंध आहे का यात?

त्याच टेस्टमध्ये दुसरी गोष्ट आहे जी लोक वाचत नाहीत. अल्टो, नॅनो आणि आय10 चा सांगाडाच इतका चेपला की एअरबॅग बसवून फार फायदा नाही असं टेस्टवाल्यांनी म्हणलं. फिगो आणि पोलोचा सांगाडा टिकला. मग दोन एअरबॅगवाल्या पोलोची टेस्ट झाली आणि तिला 4 स्टार मिळाले. तीच गाडी, शून्यावरून चारवर, फक्त एअरबॅगने! त्यानंतर कंपनीने बिनएअरबॅगची पोलो भारतात विकणं बंद केलं. पैसे देऊन नाटक केलं असतं तर पाचही कंपन्यांनी स्वतःलाच शून्य विकत घेतला म्हणायचं का? आणि दाजी, 2016 मध्ये याच ग्लोबल एनकॅपने दोन एअरबॅगच्या झेस्टला मोठ्यांसाठी 4 स्टार दिलेत. तुमच्या गाडीत दोन्ही आहेत, स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर लिहिलंय, मी बघितलंय. ती देऊन तुम्ही बिनएअरबॅगची आणणार आणि पुढच्या सीटवर माझ्या बहिणीला बसवणार. कमाल आहे.

“पत्रा जाड बघा.” 2009 मध्ये अमेरिकेत आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची मालिबू, ताशी 64 च्या वेगाने समोरासमोर अर्धवट अंगावर धडकवल्या. जुनी गाडी बघितली तर रणगाडा वाटेल. तिची केबिनच आत घुसली, आतला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचं नाक चुरगळलं, केबिन शाबूत. नाक चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं, धक्का तिथं जिरावा म्हणून. पत्रा चेपला म्हणून गाडी वाईट ठरवणाऱ्यांनी आतला माणूस चालत बाहेर आला का ते विचारावं.

एअरबॅगने माणसं मरतात याच्यात जरासं खरं आहे, नाइलाजाने सांगतो. टकाटा नावाच्या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधला गॅस भरणारा भाग दमट हवेत कालांतराने बिघडायचा आणि फुटला की धातूचे तुकडे उडायचे. जगभरात सुमारे 10 कोटी नग परत बोलावले, कंपनी 2017 ला दिवाळखोरीत गेली. तुमच्या गाडीचा काही रिकॉल आहे का ते चेसिस नंबर देऊन बघून घ्या, हे करायलाच पाहिजे. पण बाकीचं नुकसान होतं ते मुख्यतः बेल्ट न लावल्यामुळे किंवा तान्ह्या बाळाला पुढं बसवल्यामुळे. एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर ब्रेक लागला की माणूस आधीच पुढं फेकला जातो आणि फुगत्या बॅगवर तोंड आपटतो. म्हणून बेल्ट पहिला, एअरबॅग त्याच्या मदतीला. मेसेज काय सांगतो, एअरबॅग धोकादायक म्हणून बेल्टची क्लिप लावा! म्हणजे ज्याने धोका वाढतो तेच औषध म्हणून द्यायचं. या क्लिपा 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना साइटवरून काढायला लावल्यात. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरला टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मर्सिडीजमध्ये, मागच्या सीटवर, आणि मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. आणि आपल्याकडे गाळप सुरू झालं की टेंभुर्णी-मोहोळच्या पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनरिफ्लेक्टरच्या उभ्या असतात, ते काय मी सोलापूरकरांना सांगायचं? भाच्याची क्लिप मी काढून घेतलीय, चिडलाय, चिडू दे.

राहिला पार्टचा विषय. यात निम्मं खरं आहे. माझ्या एका जुन्या गाडीच्या (नाव घेत नाही) एका हेडलाइटसाठी मी इतका ताटकळलो की शेवटी पुण्याच्या भंगार बाजारातनं आणला. बंद मॉडेलचे हेडलाइट, बंपर, दरवाज्याच्या काचा, असल्या त्याच गाडीला बसणाऱ्या वस्तूंना त्रास होतो. पण इंजिनाचं तसं नाही, हे मल्टिजेट स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, पुंटो, लिनिया, विस्टा, मान्झा सगळ्यांत होतं, होटगी रोडच्या कुठल्याही डिझेल मेकॅनिकने ते ढिगाने खोललेलं असतं.

आणि रिसेल कमी येते म्हणता, ते तर शंभर टक्के खरं. पण त्याचा अर्थ फ्लॉप गाडी सेकंड हँड घ्यायला चांगली आणि विकायला वाईट, दाजी नेमकं उलटं करायलेत. एजंट झेस्टचा पडेल भाव देणार, आणि नावावर खपणाऱ्या डिझायरला, वय जास्त, एअरबॅग नाही, तरी वरून पैसे घेणार. त्या वरच्या पैशात झेस्टला चार नवीन टायर, बॅटरी आणि टायमिंग चेनचं काम होईल, आणि अक्कलकोटला जाऊन यायचं डिझेलही सुटेल.