‘इलस्ट्रियस’चा चित्राशी संबंध किती?

नाशिकच्या काही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘इलस्ट्रियस’ हा शब्द ‘इलस्ट्रेशन’वरून आला, अर्थ ‘ज्याचं चित्र छापून येतं तो’, म्हणून शाळेच्या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांसाठी तो वापरू नका.

हे चूक आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधले, मूळही एकच, उजळण्याचं. पण ते भाऊ-भाऊ आहेत, बापलेक नव्हेत. लॅटिन ‘इलस्ट्रिस’ म्हणजे तेजस्वी, नामवंत. त्यावरून १६व्या शतकात इंग्रजीत ‘इलस्ट्रियस’ आला. उलट ‘इलस्ट्रेट’ला चित्रांचा अर्थ मागाहून चिकटला, आधी तो उजळणे, स्पष्ट करणे एवढाच होता.

वापराचं म्हणाल तर नुसतं गाजणं पुरत नाही, कर्तृत्वाबद्दल आदर हवा. १९८७चं ज्ञानपीठ मिळालेले कुसुमाग्रज, त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांना तो शोभतो. घराणं, संस्था, कारकीर्द यांनाही लागतो. गाजलेल्या दरोडेखोराला लावला तर टोमणा होतो. त्याच्यासाठी ‘नोटोरियस’ आहे. (चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सबद्दल मी काही बोलत नाही!)

तेव्हा स्मरणिकेतला ‘इलस्ट्रियस’ खोडू नका. आधीच खोडला असेल तर प्रूफ परत मागवा.