पोरं मातीत खेळत नव्हती

आज सांगलीत भाचीच्या शाळेत पालकसभेला गेलो होतो. एक पालक तावातावानं उठले. "नववीच्या पोरांना विज्ञानाचे सर मातीच्या पिशव्या घेऊन रानोमाळ हिंडवतात. पोर्शन कधी संपवणार?" निम्म्या सभेनं माना डोलावल्या. सर गप्प उभे होते. तेव्हापासून डोकं तापलंय.

कृष्णाकाठी मीठ फुटलेली जमीन आपण सगळ्यांनी पाहिलीय. वाळवा, पलूस, मिरज, कुठंही जा. आमच्या आबांच्या रानाचा खालचा तुकडा तसाच गेलाय. भाचीनं तिथली माती वरून, फुटावरून आणि दोन फुटांवरून काढली, वाळवली, चाळली, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळून ईसी मीटर लावला. हा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, मीठ जास्त तितका आकडा मोठा. आकडा सगळ्यात जास्त वरच्या मातीला! तिला वाटलं होतं, मीठ खाली बसत असणार. सरांनी उत्तर सांगून टाकलं नाही. शेजारच्या निचऱ्याच्या रानातले नमुने आणायला लावले, तिथं आकडे कमी आले. मग केशाकर्षण शिकवलं. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं.

ही पोरगी आता मला सांगते, "मामा, क्षारयुक्त जमिनीचा ४ डेसिसायमन प्रति मीटर हा आकडा संपृक्त अर्काचा, म्हणजे माती पाण्यानं पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. आम्ही एक भाग माती, पाच भाग पाणी घेऊन मोजलंय, ते दोन आकडे सरळ ताडायचे नाहीत." नववीतली पोरगी! आणि आपण म्हणायचं, माती खेळतायत?

पोर्शन संपला पाहिजे, मान्य. पुढच्या वर्षी बोर्ड आहे, तेही मान्य. पण जर्नलमधली निरीक्षणं एकमेकांची बघून उतरवायची, प्रदर्शनात सोड्याचा ज्वालामुखी मांडायचा आणि बक्षीस घेऊन यायचं, याला कुणी पालक कधी उठून बोललाय? ते चालतं. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रयोग आपल्याला चालतो.

आबा वर्षानुवर्षं त्या तुकड्याला पाणी दाबून द्यायचे, मीठ धुऊन जाईल म्हणून. पोरीनं वही पुढं ठेवली. निचराच नसेल तर पाणी जाणार कुठं, पाण्याची पातळी वर येणार आणि मीठही वर आणणार, असं तिनं समजावलं. आबांनी चष्मा लावून ते आकडे परत परत पाहिले. संध्याकाळी चर काढायला माणूस सांगितला. हे लिहिताना गळा दाटून येतोय खरंच.

आता तिचा नवा प्रश्न आहे, चरातून वाहून जाणारं मीठ ओढ्यात किती जातं? सर म्हणाले, चरातल्या पाण्याचंही मोजूया. आणि अशा माणसाला आपण भरसभेत खाली मान घालायला लावली.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना लेखी देणार आहे की हे काम चालू राहिलं पाहिजे. ज्यांची पोरं त्या वर्गात आहेत त्यांनी सही करायला या. आणि ज्यांच्या रानात मीठ फुटलंय त्यांनी पोरांना नमुने घेऊ द्या. बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची माती नको, रानाच्या मधली द्या.