रंग उडतो म्हणूनच चित्र उमटतं

नमस्कार. हळदीच्या आणि गोकर्णाच्या छापांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. (छाप म्हणजे रस लावलेल्या कागदावर पान ठेवून तो उन्हात ठेवायचा; मोकळा रंग उडतो, पानाखालचा उरतो आणि चित्र उमटतं.) तुमचे आक्षेप थोडक्यात असे: सगळं काम ऊन-पाऊस करतात, मी नुसता कागद गच्चीवर ठेवते, तेव्हा ही कला नव्हे, सध्याचं एक फॅड आहे, आणि उडून जाणारी चित्रं विकणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. फसवणुकीचा आरोप गंभीर आहे, म्हणून आधी तोच घेते.

फोटो पक्का करतात तसं हे चित्र पक्कं का करत नाही, असं तुम्ही विचारलंय. चांदीच्या क्षारांवरचा फोटो 'हायपो' नावाच्या रसायनानं पक्का होतो हे ज्यानं दाखवून दिलं, त्याच जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये फुलापानांच्या रसांवरचे प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे मांडले. रसाचं चित्र पक्कं करण्याची युक्ती त्यालाही सापडली नाही, कारण इथे सगळं उलटं चालतं. चांदीच्या फोटोत ऊन लागलेला भाग काळा पडतो आणि उरलेले क्षार धुऊन काढता येतात. रसाच्या छापात ऊन लागलेला रंग उडतो आणि जो उडायचा राहिला, तेच चित्र. तो धुऊन काढलात तर हातात कोरा कागद येईल. अतिनील किरण अडवणारी काचही पुरी पडत नाही. हळदीतलं कर्क्युमिन डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा उजेडसुद्धा शोषून घेतं, आणि तो काचेतून आत येतोच.

म्हणून प्रत्येक छापाच्या पाठीमागे मी लिहून देते: कुठला रस, कुठला महिना, भिंतीवर लावू नये, खणात ठेवावा, बघायचा तेव्हा बाहेर काढावा. पैसे घेण्याआधी हे सांगते आणि काहीजण ऐकून घेत नाहीतही. त्यांचा तो हक्क आहे. पण ज्यानं हे ऐकून, समजून घेतलं त्याला फसवलं, असं म्हणता येणार नाही.

आता 'नुसता कागद ठेवते' याबद्दल. हळदीची पूड मी स्पिरिटमध्ये कालवते, कारण तिचा रंग पाण्यात धड उतरत नाही. मलमलीतून गाळून हातकागदावर चपट्या ब्रशनं दोन हात देते आणि अंधाऱ्या खोलीत वाळवते. वर शेवग्याची डहाळी, त्यावर काच, चारी बाजूंनी चिमटे. एप्रिलच्या दुपारी काही तासांत मोकळा भाग फिकुटतो, श्रावणात त्यालाच दिवस लागतात. मग टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात कागद बुडवला की पानाखाली राहिलेली हळद बघता बघता विटकरी लाल होते. हळदीचं कुंकू करायची जुनी रीत ही अशीच. कागद केव्हा उचलायचा हे घड्याळावर ठरत नाही. शेवग्याचं पान पातळ असतं, ऊन त्याच्याही आरपार जातं. जरा उशीर झाला की पानाची कडा विरघळते. तो क्षण ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

पावसाचंही तसंच. हळदीवर सर आली तरी रंग जागचा फारसा हलत नाही. गोकर्णाच्या निळ्या कागदावर मात्र थेंब पडला की रंग पाण्याबरोबर कडेला सरकतो आणि वाळताना फिकट ठिपक्याभोवती गडद कड उरते. भुरभुर पावसात बारीक दाणे उठतात, पागोळीखाली मोठी वर्तुळं येतात आणि ती एकमेकांत शिरतात. कुठल्या रसाचा कागद, कुठल्या पावसात, किती वेळ धरायचा हे मी ठरवते. तुम्हाला जे डाग वाटले ते मी पत्र्याच्या कडेला उभी राहून, कागद तिरका धरून घेतलेले आहेत. पाऊस माझ्या हातात नाही हे खरं, पण जलरंगात ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकणाऱ्याच्या तरी हातात पाणी पूर्णपणे कुठे असतं?

'फॅड' या शब्दाचं मात्र वाईट वाटलं. मेरी सॉमरव्हिल या स्कॉटिश विदुषीनं १८४५ मध्ये रोमहून हर्शेलला पत्र लिहून वनस्पतींच्या रसांवर वर्णपटातल्या किरणांचा परिणाम कळवला आणि रॉयल सोसायटीनं ते पुढच्या वर्षी छापलं. स्त्रियांना तेव्हा त्या संस्थेचं सदस्यत्व मिळत नव्हतं. इतक्या निष्ठेनं झालेल्या कामाचा धागा आपल्यापर्यंत आलाय, आणि आपल्याकडे तर उन्हाला तोटा नाही. हे आपण मन लावून करायला हवं असं मला फार वाटतं.

शेवटी तुम्ही पळसाबद्दल विचारलंय. जरूर करून बघा. फाल्गुनात पडलेली फुलं वेचा, देठ काढा, थोड्याच पाण्यात उकळून दाट रंग काढा. टाकणखारानं तोही पिवळ्याचा केशरी-लाल होतो. हळदीपेक्षा वेळ जास्त लागेल. फक्त तुरटी घालू नका. रंगारी ती रंग धरून राहावा म्हणून घालतात, इथे तो उडायला हवा आहे.