पेट्रोल तरी कुठं ओरिजिनल राहिलंय, मालक?

नमस्कार मालक. एवढी लांबलचक प्रतिक्रिया टाईप केलीत त्याबद्दल आधी आभार, लोक हल्ली अंगठा दाखवून पुढं जातात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी माझी १९७८ ची प्रीमिअर पद्मिनी गाडी पुन्हा उभी केली ते रिस्टोरेशन नव्हेच, जुगाड आहे, कारण बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून त्याच कामाचा नवा अल्टरनेटर लावला, एसी पंपाच्या (इंजिनावर चालणारा पेट्रोलचा पंप, थंड हवेचा एसी नव्हे) जागी इलेक्ट्रिक पंप बसवला, रेडियल टायर घातले आणि वर सीटबेल्ट. शिवाय तेवढ्या पैशात चांगली सेकंडहँड स्विफ्ट आली असती, आणि पंधरा वर्षांवरची गाडी रस्त्यावर आणणंच बेकायदेशीर.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांची भानगड दिल्ली आणि आसपासची आहे, सोलापूरची नाही. आपल्याकडं खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांनी संपतं, मग आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी रिन्यू करायचं. फी मात्र जबरी वाढवलीय, २०२२ ला ६०० चे ५००० केले, नंतर अजून चढली. पर्यावरण कर वेगळा. सगळं भरलंय. आणि तुम्ही सुचवलेलं २०२१ च्या नियमातलं विंटेज रजिस्ट्रेशन पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला मिळतं, माझी अजून तिथं पोचलेली नाही, आणि पोचली तरी मी घेणार नाही कारण ती गाडी मग रोज फिरवता येत नाही. मला सात रस्त्यावरून भाजी आणायचीय तिच्यातनं.

आता खरा मुद्दा, ओरिजिनल.

ही गाडी कुर्ल्याच्या फॅक्टरीतून निघाली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. त्या शिशाचा थर वॉल्वच्या सीटवर, म्हणजे इंजिनात वॉल्व जिथं टेकतो त्या कड्यावर, बसायचा आणि सीट झिजायची नाही. देशात २००० साली शिसं बंद झालं (झालं ते चांगलंच झालं, पोरांच्या मेंदूला बाधायचं ते), पण त्यामुळं जुनं हेड (इंजिनाचा वरचा, वॉल्व असलेला भाग) तसंच ठेवून गाडी पळवली की सीट हळूहळू खाल्ली जाते, वॉल्व आत बसत जातो, कॉम्प्रेशन जातं. म्हणून इंजिनाचा ब्लॉक बोअर मारायला दिला तेव्हाच हेडमध्ये कडक सीट बसवून घेतल्या. बाहेरून कुणाला दिसत नाही, तुम्हालाही दिसलं नाही, नाहीतर तेही यादीत आलं असतं.

मग आलं इथेनॉल. आज पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या काळची रबरं त्यासाठी बनलेलीच नव्हती, नळ्या फुगतात, चिरा पडतात, एसी पंपातला पडदा मऊ होऊन जातो, आणि गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजायला लागते. यातलं काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असणार, त्यामुळं तक्रार तरी कुणाकडं करायची. तर मला सांगा, पेट्रोल बदललं, मग त्या पेट्रोलची नळी तेवढी १९७८ ची ठेवून मी काय मिळवणार होतो?

आणि ऊन. तुम्ही पुण्याचे, तुम्हाला आमचा मे महिना ऐकूनच माहीत असेल. एसी पंप इंजिनाला चिकटलेला असतो, इंजिन तापलं की पेट्रोलची आतल्या आत वाफ होते आणि पंप नुसता वाफ ओढत बसतो. लग्नानंतर बायकोला पहिल्यांदा तुळजापूरला याच गाडीतनं नेलं, घाटात बंद पडली, बिचारी भर उन्हात शालू नेसून उभी आणि मी पंपावर ओलं फडकं ठेवून फुंकर मारतोय. ते ऐकवणं अजून चालू आहे. इलेक्ट्रिक पंप मागं टाकीजवळ बसतो, थंड जागेतून पेट्रोल पुढं ढकलतो, त्यामुळं हा त्रास फार कमी होतो. फक्त प्रेशर कमी असलेलाच घ्यावा लागतो, नाहीतर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घेतलीय, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबला. आता पंपाला करंट लागणार, आणि डायनॅमो सिग्नलला उभं राहिलं की काही चार्जिंग करत नाही, म्हणून अल्टरनेटर. हौस म्हणून काहीच नाही लावलेलं.

काढलेला डायनॅमो, एसी पंप, सगळं ग्रीस लावून खोक्यात ठेवलंय. उद्या कुणाला पुन्हा बसवायचं असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. हेडमधल्या त्या सीट सोडल्या तर कायमचा बदल एकच, सीटबेल्टसाठी दाराच्या खांबाला आतून जाड पट्टी वेल्ड केली. तिथं मला ओरिजिनलशी काही देणंघेणं नाही, नातू बसतो त्या गाडीत.

जुगाड म्हणालात त्याचं खरं वाईट आमच्या टिंकरिंगच्या, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रींना वाटलं. अक्कलकोट रोडला शेड आहे त्यांचं, घरी तेलुगू, गिऱ्हाईकाशी मराठी, हाताखालच्या पोरांना शिव्या कन्नडमधून. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मॅटखाली पाणी मुरून चाळणी झाला होता, बाकीच्यांनी सांगितलं लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारतो. यांनी कुजलेला पत्रा कापून काढला, नवीन ठोकून आकाराला आणला, वेल्डिंगचे टाके मारले, आणि लांबी इतकी पातळ लावली की चुंबक अजून चिकटतो. रंगसुद्धा डिकीच्या आत जुना क्रीम सापडला त्याच्याशी ताडून घेतला. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा तोच, १०८९ सीसीचं इंजिन तेच. डिझेल इंजिन टाक म्हणून सांगणारे कमी नव्हते.

स्विफ्टचं म्हणाल तर घरात मुलाची आहे, चांगली आहे. ही पद्मिनी मी १९९१ ला इथल्या नवी पेठेतल्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, आता पिकलीय. हिशोब घालून घेतली नव्हती, त्यामुळं आता हिशोबात विकणारही नाही. आणि जाणकाराला द्या म्हणताय ते तर अजिबात पटत नाही. प्रीमिअर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद इथलेच, १८८२ ला सोलापुरात जन्मले, म्हणजे ही गाडी एका अर्थी माहेरीच आहे, तिला पुण्याला कशाला धाडू.

बाकी तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्याकडं पद्मिनीची पुढची न वापरलेली जाळी पडून आहे. माझ्या जाळीचा क्रोम गेलाय. ओरिजिनलची तुम्हाला एवढी काळजी आहे तर ती जाळी विकणार का? फोटो टाका, किंमत सांगा, नाना पेठेत माझा भाचा असतो, तो येऊन घेऊन जाईल.